ह्वेचं बान्ह बेओ : मधली खळी पडत नाही, तळाशी थर बसतो

प्रश्न — वाफाळ

व्हिएतनाममधल्या ह्वे शहराच्या पद्धतीचं बान्ह बेओ घरी नीट जमवायचं आहे. छोट्या बश्यांमध्ये वाफवलेलं, पातळ, पांढरं, मध्ये खळी असलेलं आणि वर कोळंबीचा भुगा, ते. सध्याचं प्रमाण असं: गिरणीतून दळून आणलेलं तांदळाचं पीठ २ वाट्या, साबुदाण्याचं पीठ अर्धी वाटी, पाणी ३ वाट्या, मीठ, चमचाभर तेल. सगळं थंड पाण्यात कालवून लगेच इडलीपात्रात १५ मिनिटं वाफवलं.

निघतं ते असं: वरचा भाग सपाट, कधी चक्क फुगीर. खळीचं नाव नाही. तळाशी घट्ट थर आणि वर ओलसर, चिकट. पहिला घाणा त्यातल्या त्यात बरा, शेवटचा अगदी दडस. गार झाल्यावर वातड होतं आणि पिठाचा जुनाट वास राहतो तो राहतोच.

पाण्याचं प्रमाण नेमकं किती? इडलीपात्र चालतं की बश्याच हव्यात? साबुदाण्याचं पीठ टॅपिओकाच्या जागी चालावं ना, दोन्ही एकाच कंदाचे? वरच्या भुग्यासाठी सुका जवळा घेतला तर? आणि सोबतचं पातळ गोडसर पाणी कसं करतात, तेही सांगा. मोजमापं ग्रॅम-मिलीत दिलीत तर बरं.

प्रतिसाद १ — निवळ

तुमच्या सगळ्या तक्रारींचं मूळ पाण्यात आहे. पाणी कमी पडलंय, गरम पाणी वापरलेलंच नाही आणि पीठ भिजवून वरचं पाणी बदललेलं नाही. बाकीचं सगळं त्यामागून येतं.

आधी प्रमाण. वाटीने मोजू नका. तांदळाचं पीठ दाबून भरलं की सैल भरलं यावर वाटीमागे २०-३० ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि या पदार्थाला तेवढा फरक सोसत नाही.

तांदळाचं बारीक पीठ २०० ग्रॅम, टॅपिओका स्टार्च ३० ग्रॅम, मीठ ३ ग्रॅम (सपाट अर्धा चमचा), तेल १० मिली, साधं पाणी ३०० मिली, उकळतं पाणी ३५० मिली. यात ६-७ सेंटिमीटर व्यासाच्या साधारण ४० बश्या होतात. म्हणजे पिठाच्या वजनाच्या पावणेतीन ते तीनपट पाणी. कालवलेलं पीठ बघून "हे काय जमणार, नुसतं दूध दिसतंय" असं वाटलं पाहिजे. तुमचं मिश्रण इडलीच्या पिठाकडे झुकलं होतं, आणि घट्ट पीठ वाफेवर खाली बसत नाही, वर येतं. म्हणून फुगवटा.

वासासाठी पाणी बदलायचं. व्हिएतनाममध्ये विकतचं कोरडं पीठ घेतलं तरी हे करतात. पीठ आणि स्टार्च ६००-७०० मिली पाण्यात कालवून ४ ते ८ तास हलवायचं नाही. साका खाली बसतो, वर पिवळसर निवळ येते. जुना वास आणि आंबूसपणा त्या निवळीत असतो, ती अलगद ओतून टाका. आता नवं पाणी किती घालायचं हे अंदाजाने ठरवू नका. रिकाम्या पातेल्याचं वजन आधीच करून ठेवा. निवळ ओतल्यावर पातेलं पुन्हा काट्यावर ठेवा आणि ताजं पाणी घालत घालत पातेल्याचं वजन वजा करून ५३० ग्रॅम भरेपर्यंत या. (२३० पीठ, ३०० पाणी.) मीठ यानंतरच, नाहीतर तेही निवळीबरोबर जातं. उन्हाळ्यात ४ तासांच्या वर ठेवायचं असेल तर मध्ये एकदा पाणी बदला किंवा पातेलं फ्रिजमध्ये ठेवा. इथे आंबवणं अजिबात नको आहे. साका सिमेंटसारखा बसतो, त्याला चमचा पुरत नाही, हातानेच तळ खरवडून मोकळा करा.

मग उकळतं पाणी. एका हाताने ढवळत दुसऱ्या हाताने ३५० मिली पाणी बारीक धारेने सोडायचं. सगळं मिळून तापमान ६० अंशांच्या आसपास येतं. तिथे स्टार्चचे कण फुगायला लागतात पण शिजत नाहीत, मिश्रण किंचित दाटतं आणि पीठ पाण्यात तरंगत राहतं. तुमच्या तळाशी जो घट्ट थर बसतो आणि शेवटचा घाणा दगड होतो, त्यावर इलाज हाच. नुसत्या थंड पाण्यातलं पीठ दोन मिनिटांत खाली बसतं. वरचं पाणी पहिल्या बश्यांत जातं आणि खालचं पीठ शेवटच्या बश्यांत. पाणी ओतूनही मिश्रण दुधासारखंच पातळ राहिलं तर पातेलं अगदी मंद आचेवर ठेवून तळापासून ढवळा. पळीच्या पाठीला पातळ कढीसारखा थर धरला की त्या क्षणी उतरवा. एवढं करूनही दर वेळी पळी घालण्याआधी तळापासून ढवळायचंच.

तेल घाला, गाळून घ्या, अर्धा तास झाकून ठेवा. रवीने किंवा मिक्सरने घुसळलं असेल तर ही विश्रांती टाळू नका. आत अडकलेली हवा वाफवताना वर येऊन पृष्ठभागाला टोचे पाडते.

आता खळी. बश्या रिकाम्या असतानाच वाफेवर ठेवून ५ मिनिटं तापवा, जोरदार उकळी हवी. कडकडीत बशीत पीठ पडलं की कडेचं पीठ तिथल्या तिथे धरतं आणि बशीला चिकटतं. मधलं अजून द्रव असतं. ते सावकाश धरतं आणि धरताना खाली बसतं, कडा मात्र वरच राहते. ही खळी. तिच्यासाठी तीन गोष्टी एकदम जमाव्या लागतात: पातळ पीठ, तापलेली बशी, भरपूर वाफ. थंड बशीत ओतलं तर सगळं एका चालीने शिजतं आणि सपाट राहतं. बशी काठोकाठ भरली तरी खळी हरवते. २० मिली पुरे, म्हणजे ५-६ मिलिमीटर जाडी. भरलेला एक मोठा चमचा आणि वर थोडं, असं धरा.

झाकणाला पंचा बांधा. खळीत पाण्याचा थेंब पडला की तिथे चिकट, पिठूळ डाग राहतो आणि तो पुढे शिजत नाही. वेळ ५ ते ६ मिनिटं. १५ मिनिटं म्हणजे फारच झाली, तेवढ्यात कडा कडक होतात. रंग दुधाळ पांढऱ्यावरून थोडा काचेरी झाला आणि बशी हलवल्यावर मधला भाग लिबलिबला पण वाहिला नाही, की उतरवा. गरम असताना चिकटच लागतं, त्याला घाबरून परत वाफेवर चढवू नका. १० मिनिटांत आपोआप धरतं.

प्रतिसाद २ — कंदमूळ

साबुदाण्याबद्दल. कंद एकच, कसावा, हे बरोबर. पण साबुदाणा करताना ओल्या स्टार्चच्या गोळ्या तापलेल्या तव्यावर भाजतात किंवा वाफवतात, त्यात स्टार्च अर्धवट शिजतो. तो दळला तरी परत कच्चा होत नाही. त्यामुळे साबुदाण्याचं पीठ थंड पाण्यातच फुगतं, मिश्रण बुळबुळीत करतं आणि बारीक कण राहतात. वर तुम्ही २ वाट्यांना अर्धी वाटी घातलंय, म्हणजे एकूण पिठाचा पाचवा हिस्सा. वातडपणाचं मोठं कारण ते. टॅपिओका एकूण पिठाच्या १२ ते १५ टक्क्यांपलीकडे नको. ३० टक्क्यांच्या पुढे गेलात तर पदार्थच बदलतो, बान्ह लोकच्या दिशेने जातो. तो पूर्ण टॅपिओकाचा, पारदर्शक आणि चिवट असतो, आणि त्याचा चिवटपणा हाच त्याचा गुण.

टॅपिओका स्टार्च मिळालाच नाही तर बटाट्याचा स्टार्च तेवढाच घ्या, जवळचा लागतो. कॉर्नफ्लोअर चालतं, पण गार झाल्यावर तुकडा लवचिक न राहता मोडतो. तेही नसेल तर नुसत्या तांदळाचं करा आणि उकळत्या पाण्यातले २०-३० मिली कमी करा. साबुदाणा मात्र नको.

आणखी एक घोळ नेहमी होतो. आशियाई दुकानात तांदळाच्या पिठाची दोन पाकिटं शेजारी शेजारी असतात. थाई एरावन पाकिटांत लाल छपाईचं साध्या तांदळाचं आणि हिरव्या छपाईचं चिकट तांदळाचं. हिरवं आणलंत तर खळीचा प्रश्नच मिटला, सगळी खळ होईल.

प्रतिसाद ३ — खलबत्ता

जवळा नको. तो अगदी बारीक असतो, डोकी आणि कवचं काढता येत नाहीत, भाजल्यावर कडवट होतो आणि वाळू जात नाही. आपल्याकडचे सोडे घ्या. सोललेल्या कोळंबीचे असतात, ह्वेच्या भुग्याला सगळ्यांत जवळचे.

मूळ पद्धत ताज्या कोळंबीची. मध्यम कोळंबी २५० ग्रॅम मीठ घालून २-३ मिनिटं स्वतःच्याच पाण्यात वाफवायची, सोलायची, काळा दोरा काढायचा आणि पंच्याने टिपून कोरडी करायची. मग खलबत्त्यात कुटायची. मिक्सरमध्ये तिचा गोळा होतो. खलबत्त्यात तंतू सुटे होतात, आणि कापसासारखं मोकळं हवं असेल तर तंतू सुटे झालेच पाहिजेत. कुटलेली कोळंबी जाड बुडाच्या तव्यात तेल न घालता अगदी मंद आचेवर १५-२० मिनिटं भाजा, सतत हलवत. ओल गेली की केशरी भुगा सुटा होतो. घाई केलीत तर बाहेरून तपकिरी आणि आतून ओला राहतो, दुसऱ्या दिवशी वास मारतो.

सोड्यांचं असेल तर ५० ग्रॅम. दोन-तीन पाण्यांत चोळून धुवा, खाली वाळू बसते ती बघा. कोमट पाण्यात २० मिनिटं भिजवा, पिळा, कुटा, वरच्यासारखंच भाजा. सोड्यांची चव जास्त तीव्र, म्हणून एका बशीवर अर्धा चहाचा चमचा पुरे. शेवटी चिमूटभर साखर घातली तर बिघडत नाही.

पातीचं तेल: कांद्याची हिरवी पात ६० ग्रॅम बारीक चिरून वाडग्यात, चिमूट मीठ, चिमूट साखर. ६० मिली साधं तेल चांगलं तापवून त्यावर ओता आणि एकदा ढवळा. पात कढईत टाकून परतू नका, रंग काळपट होतो. ओततानाचा आवाज चुर्र झाला पाहिजे. नुसतं बुडबुडलं तर तेल कमी तापलंय, आणि पात कच्ची उग्र लागेल.

कुरकुरीतपणासाठी ह्वेत डुकराच्या चरबीचे तळलेले छोटे तुकडे असतात. चरबी ७-८ मिलिमीटरचे तुकडे करून थोड्या पाण्याबरोबर मंद आचेवर ठेवायची. पाणी आटेपर्यंत चरबी सुटते आणि तुकडे करपत नाहीत, मग त्याच चरबीत ते सोनेरी होतात. नको असेल तर शिळ्या पावाचे बारीक चौकोन तळून घाला. व्हिएतनाममध्येही पावाचे चौकोन वापरतातच, ही काही पळवाट नाही. फक्त वाढायच्या क्षणी घाला, दोन मिनिटांत मऊ पडतात.

आता पाणी, म्हणजे नुओक माम (मासे मिठात आंबवून केलेला व्हिएतनामी फिश सॉस) घातलेलं गोडसर पाणी. ह्वेचं हे पाणी सोबत असणाऱ्या कोळंबीच्या डोक्या-कवचांचं करतात, त्यात निम्मी चव आहे. २५० ग्रॅम कोळंबीची डोकी आणि कवचं धुऊन ४०० मिली पाण्यात १५ मिनिटं मंद उकळा, डोकी दाबून गाळा, २५० मिली उरलं पाहिजे. त्यात साखर ५० ग्रॅम विरघळवा, एक उकळी आणा आणि आच बंद करा. मग ५० मिली नुओक माम. उकळत्या पाण्यात घातलात तर वास घरभर होतो आणि चव करडी होते. गार झाल्यावर हिरव्या मिरचीच्या चकत्या. लिंबू आणि लसूण या पाण्यात नको. बान्ह बेओ स्वतः जवळजवळ बेचव असतं, लिंबाची आंबट धार आली की कोळंबीची गोडी मागे पडते. सोडे वापरणार असाल तर भिजवलेलं पाणी फेकू नका, वरचं गाळून घ्या आणि कवचांऐवजी तेच वापरा.

बाटलीवर "४० अंश" असं लिहिलेलं दिसतं ते नायट्रोजनचं माप, लिटरमागे ४० ग्रॅम. जितकं जास्त तितकी माशाची चव भरीव. ३० ते ४० अंशांचं घ्या. घटकांत मासा आणि मीठ एवढंच असेल तर उत्तम. फू क्वोक बेटाचं नुओक माम प्रसिद्ध आहे, त्या नावाला २०१२ मध्ये युरोपीय संघाने मूळस्थानाचं संरक्षणही दिलं. वेगळ्या बाटलीत खारटपणा वेगळा, म्हणून ५० मिली एकदम न ओतता ४० घालून चाखा. हे पाणी चमचाभर नुसतं पिऊन बघितलं तर थोडं गोड आणि थोडं कमी खारट वाटायला हवं, कारण ते सढळ हाताने ओतायचं असतं.

प्रतिसाद ४ — वाफाळ (मूळ प्रश्नकर्ता)

कंदमूळ, साबुदाण्याचा खुलासा महत्त्वाचा होता. पुढच्या शंका. तांदूळ घरी भिजवून वाटायचे असतील तर कुठले? आंबेमोहर चालेल? आणि इडलीपात्राचं उत्तर राहिलं. शिवाय काही पाककृतींत वर कोरड्या भुग्याऐवजी ओली, दाट, केशरी रंगाची कोळंबी-डुकराची भाजी घालतात, ती चूक की वेगळा प्रकार?

प्रतिसाद ५ — दक्षिणवारा

वेगळा प्रकार, आणि तोही तितकाच जुन्या चालीचा. ती दा नांग, होई आन, क्वांग नाम या पट्ट्याची पद्धत. तिथे बश्यांऐवजी थोडे खोल वाडगे असतात, बान्ह बेओ जाड असतं आणि वर ओलं सारण: कोळंबी १५० ग्रॅम आणि डुकराचं मांस १०० ग्रॅम बारीक कापून, छोट्या कांद्यावर परतून, शेंदरीच्या बियांच्या तेलाने रंग आणून, नुओक माम आणि मिरी घालून, शेवटी १ चमचा टॅपिओका थोड्या पाण्यात कालवून दाटवलेलं. पळीतून सरकत पडेल इतकंच दाट ठेवायचं. जाड बान्ह बेओला कोरडा भुगा पुरत नाही, कोरडं कोरडं लागतं. उलट ह्वेच्या पातळ बशीवर हे सारण घातलं तर खाली काय आहे ते कळतच नाही. त्यामुळे आधी वरचं ठरवा, मग जाडी. होई आनचं करायचं असेल तर १० मिलिमीटर जाडी, ८-१० मिनिटं वाफ आणि उकळतं पाणी ३० मिली कमी.

दक्षिणेत, सायगॉनच्या उत्तरेकडच्या बिन्ह झुओंग भागात, मुगाच्या डाळीचं वाटण आणि तांदळाच्या भाजलेल्या पिठात घोळवलेली डुकराची बारीक कातरलेली कातडी घालतात. उत्तरेकडच्या हाय फोंगचं बान्ह बेओ तर दिसायलाही निराळं. पानाच्या द्रोणात वाफवलेलं, मांस आणि काळ्या अळंबीचं सारण त्यातच, आणि सोबत हाडांचं कोमट पाणी. नाव एक म्हणून या सगळ्यांच्या कृती एकत्र केल्या की गोंधळ होतो. इंटरनेटवरच्या बऱ्याच पाककृतींत ह्वेचं पीठ, होई आनचं सारण आणि दक्षिणेचं लिंबू-लसणाचं पाणी एकाच ताटात येतं. खायला वाईट नाही लागत, पण त्याला ह्वेचं म्हणू नये.

बेओ म्हणजे पाण्यावर तरंगणारी शेवाळवजा वनस्पती. पातळ, गोल, मध्ये खोलगट, म्हणून हे नाव. तेव्हा खळी ही नुसती शोभा नाही, तीत पातीचं तेल आणि पाणी साठतं. बशीतून काढून थाळीत रचायचं नसतं. ह्वेत एका मोठ्या तबकात दहा-बारा बश्या येतात. प्रत्येक बशीत पाणी ओतायचं, बांबूच्या चपट्या काडीने कडेने गोल फिरवून सोडवायचं आणि अखंड एका घासात. काडी नसेल तर लोण्याच्या सुरीने जमतं. चमच्याने खळी मोडते.

प्रतिसाद ६ — निवळ

तांदूळ: आंबेमोहर नको. सुवासिक आहे, पण शिजल्यावर मऊ आणि चिकट, इथे उलट गुण हवा. व्हिएतनाममध्येही या कामाला जुना, मोकळा शिजणारा, भाताला फारसा न आवडणारा तांदूळ घेतात. आपल्याकडे वर्षभर जुना साधा कोलम घ्या, जाड असला तरी हरकत नाही. नव्या तांदळाचं पीठ कधीच नीट सुटत नाही, बशीला चिकटून बसतं. इडलीचा उकडा तांदूळही नको. तो आधीच शिजून वाळलेला, त्यामुळे साबुदाण्याचाच प्रश्न परत येतो.

२०० ग्रॅम तांदूळ धुऊन ६-८ तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला. निथळा, मग भिजलेले तांदूळ आणि वाटायचं पाणी मिळून ५०० ग्रॅम भरेल इतकं पाणी घ्या. तांदळाने आधीच ५०-६० ग्रॅम पाणी प्यालेलं असतं, ते वेगळं मोजायचं विसरलात तर मिश्रण पातळ होतं. बोटांत कणी लागू नये इतकं बारीक वाटा, गाळा, टॅपिओका ३० ग्रॅम, मीठ, मग ३५० मिली उकळतं पाणी. पुढचं सगळं तसंच. भाकरीचं गिरणीचं पीठ इथे मार खातं कारण कोरड्या दळणात पीठ तापतं, स्टार्चचे कण फुटतात, ते जास्त पाणी पितात आणि चिकट होतात. भिजवून वाळवून दळलेलं मोदकाचं पीठ त्यापेक्षा बरं, पण ते बहुतेक सुवासिक तांदळाचं असतं. पाकिटावर तांदूळ कुठला ते बघा.

ज्यांच्या घरी सालपापड्या होतात त्यांना हे काहीच नवं नाही. तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलायचं, पातळ पीठ ताटलीवर फिरवायचं, दोन-तीन मिनिटं वाफ आणि साल काढायची. पाणी बदलण्याचं कारण तिथेही वासाचं आणि रंगाचंच. फक्त तिथे आंबण्याला थोडी मुभा आहे, इथे नाही. सालपापडी ओली असतानाची चव आवडत असेल तर बान्ह बेओ आवडणारच.

इडलीपात्र: भोकाचं असेल तर पातळ पीठ गळतं. बिनभोकाचं असलं तरी साच्याचा तळ वाटोळा, त्यामुळे मधला भाग जाड आणि कडा पातळ. आपल्याला हवं त्याच्या उलट. जमेल ते असं: लोणचं वाढायच्या स्टीलच्या छोट्या वाट्या, सपाट तळाच्या. स्टील चटकन तापतं म्हणून ३ मिनिटं आधी तापवा आणि ४-५ मिनिटांतच बघा. चिनी मातीच्या बश्या सावकाश तापतात, पण वाफवल्यावर गरम राहतात, खळी त्यांतच सुरेख येते. प्लास्टिक नको, सिलिकॉनही नको. दोन्हींतून उष्णता नीट जात नाही, खळी पडत नाही. तेल बोटाने पुसटसंच. तळाशी साचलेलं तेल पिठाखाली फुगे करतं आणि खालून खड्डे पडतात.

मोदकपात्राच्या चाळणीवर एका वेळी ७-८ बश्या राहतात. एकावर एक रचू नका. चाळणी आडवी आहे ना ते बघा, बान्ह बेओ एका बाजूला जाड झालं तर दोष पिठाचा नसतो, शेगडी कललेली असते. आणि दर घाण्याला पाणी संपत आलंय का ते पाहून उकळतंच पाणी घाला. थंड घातलं की उकळी थांबते आणि त्या घाण्याची खळी गेली.

प्रतिसाद ७ — मूगडाळ

शाकाहारी हवं असेल त्यांच्यासाठी. ह्वे हे बौद्ध मठांचं शहर, चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथे बरेच लोक मांसमासे खात नाहीत. त्यामुळे बिनमाशाचं बान्ह बेओ तिथलंच आहे. पिवळी मूगडाळ १०० ग्रॅम २ तास भिजवून, वाफवून, गरम असतानाच चाळणीतून घासून काढा आणि कोरड्या तव्यावर ५ मिनिटं परतून मोकळी करा. सोबत सुक्या अळंब्या भिजवून, बारीक कातरून, सोया सॉस आणि मिरी घालून कोरड्या होईपर्यंत परतलेल्या. पाण्यासाठी अळंब्या भिजवलेलं पाणी २०० मिली, फिका सोया सॉस ४० मिली, साखर ४० ग्रॅम, हिरवी मिरची. गडद सोया सॉस घेऊ नका, पांढऱ्या बान्ह बेओवर तपकिरी ओघळ दिसतात.

प्रतिसाद ८ — वाफाळ (मूळ प्रश्नकर्ता)

वरच्या प्रमाणाने आणि जुन्या कोलमने खळी पडली, तळाचा थर गेला. आता फक्त एक: बऱ्याच जणांना एकदम वाढायचं तर आदल्या दिवशी काय काय करून ठेवता येतं? आणि काही बश्यांत खळी मधोमध न पडता एका कडेला का सरकते?

प्रतिसाद ९ — निवळ

कडेला सरकते ती बहुतेक ओतण्यामुळे. पळी बशीच्या कडेवरून नाही, बरोबर मध्यावर धरून ओता, आणि ओतल्यावर बशी हलवू नका. कड धरायला काही सेकंदच लागतात. भिंतीलगतच्या बश्यांतच होत असेल तर पातेल्याच्या त्या बाजूला वाफ कमी पोचते आहे, बश्यांमध्ये बोटभर अंतर ठेवा.

आदल्या दिवशी: कोळंबीचा भुगा (घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो), नुओक मामचं पाणी मिरचीशिवाय, आणि पिठाचा साका पाण्याखाली फ्रिजमध्ये. सकाळी निवळ ओतून वजन भरायचं, गरम पाणी घालायचं, की घाणे सुरू. गरम पाणी घातलेलं मिश्रण मात्र रात्रभर ठेवू नका, गुठळी धरतं आणि आंबतं.

वाफवलेल्या बश्या खोलीच्या तापमानाला ३-४ तास चांगल्या राहतात. वर ओलसर पंचा, पण टेकू देऊ नका. पंख्याखाली उघड्या ठेवल्या तर कडेला साल धरते. फ्रिजमध्ये ठेवलं की शिजलेला स्टार्च परत कडक होतो, त्याला उपाय वाफेचाच: बशीसकट ३ मिनिटं, मग १० मिनिटं थांबून वाढायचं. मायक्रोवेव्हमध्ये कडा वाळतात. पातीचं तेल त्याच दिवशीचं हवं, दुसऱ्या दिवशी पात पिवळी पडते.

चौघांना नुसतं हेच खायचं असेल तर माणशी १० बश्या धरा. त्याआधी किंवा नंतर दुसरं काही असेल तर ६ पुरतात.